तासाला दोन चमचे तेल

मेर्सबुर्ग, ११ फेब्रुवारी २००३

प्रिय गेबहार्ड,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम तीन पानं, तीही तुझ्या हातची नाहीत, तुझ्या बायकोच्या, हिल्डेच्या अक्षरातली. कारण वाचलं. म्हणजे तुझेही हात गेले. आधी बोटांच्या बेचक्यात खाज, मग मनगटापर्यंत लाली, मग पेन धरलं तरी भेगेतून रक्त. एवढं वर्णन करायची गरज नव्हती रे. मला ते तोंडपाठ आहे.

विमा मंडळाच्या फॉर्मवर साक्षीदार हवा म्हणतोस, तुझी बावीस वर्षं लेथवर कूलंटच्या तेलकट पाण्यात हात बुडवून गेली हे सांगणारा. त्यातली अकरा मी सांगू शकते, आणि माझ्याइतक्या खात्रीने दुसरं कोण सांगणार? सात नंबरचं लेथ आपण दोघांनी मिळून चालवलं. सकाळी सहा ते दोन तू, दोन ते दहा मी, कारण सकाळी मला आईचं सगळं करावं लागायचं. दिवसाकाठी आपली गाठ पडायची ती दहा मिनिटं. बाकी सगळा संवाद शिफ्टच्या वहीत. 'टूल तीन बदललं.' 'कूलंटला नासक्या दुधाचा वास येतोय, थोरल्या मालकांना सांग.' 'खणात केक ठेवलाय, मापखोलीतल्या ओटमारला दाखवू नकोस.' आई म्हणायची, "लग्न न करता संसार करायची युक्ती बरी काढलीस, लिओबा. धुणंसुद्धा नाही."

आणि आपला कायदा आठवतो का? समोरच्याने यंत्र लावून दिलं की त्याचं माप पुन्हा तपासायचं नाही. तसं केलं तर तो त्याचा अपमान. अकरा वर्षांत मी तो कायदा एकदाही मोडला नाही.

मी बरी आहे. बोडनसे सरोवरावरच्या फेरीबोटीत तिकिटं तपासते. कॉन्स्टान्स ते मेर्सबुर्ग, मेर्सबुर्ग ते कॉन्स्टान्स. हात ठीक आहेत.

शेवटी लिहिलंयस, 'जुनं काही मनात ठेवू नकोस.' मी काय मनात ठेवणार? अठराशे पोलादी शाफ्ट मी भंगारात घालवले, तू नाही. उलट तू थोरल्यांच्या केबिनमध्ये माझी बाजू घेतलीस. "लिओबा कामाला चांगली आहे, आता डोळे थकले त्याला ती काय करणार," असं म्हणालास, ते मी दाराबाहेरून ऐकलं होतं.

फॉर्म पाठव. तुझ्याकडे दिवसांच्या, तासांच्या काही नोंदी असतील तर त्यांच्या झेरॉक्सही पाठव. तारखा मला आठवत नाहीत आणि अंदाजे तारखेवर मी सही करणार नाही.

हाताला गरम पाणी लावू नकोस. झोपताना सुती हातमोजे घाल, लोकरीचे नाही.

लिओबा


मेर्सबुर्ग, १९ फेब्रुवारी

गेबहार्ड,

फॉर्म आला. नोंदी मागाहून हिल्डे पाठवेल म्हणतोस, ठीक. पहिले आठ प्रश्न मी लगेच भरले. नवव्यावर अडले.

'कमी तेलाची किंवा कोरडी पद्धत या यंत्रावर उपलब्ध होती का? असल्यास कधी व कोणत्या कारणाने बंद झाली?'

त्याच्यावर तू चिठ्ठी चिकटवली आहेस. 'इथे नुसतं नाही असं लिही. जमलं नाही, विषय संपला.'

असा कसा विषय संपला? पाच आठवडे चालली ती पद्धत. तुझ्यासाठी तो एक प्रयोग असेल. मला डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. कूलंटमधून हात बाहेर काढा, नाहीतर काम सोडा, तिसरा रस्ता नाही. मंडळाचा नियम तर तुला आता कळलाच असेल: माणूस काम सोडेल तेव्हाच त्याचा आजार खरा. वीस वर्षं जे करतोय ते टाकून दे, मग आम्ही मानू की ते तुला दुखत होतं. त्या मे महिन्यात थोरल्यांनी ती छोटी टाकी सात नंबरला बसवली म्हणून मला आशा होती. कूलंटचा धबधबा नाही. हवेच्या झोतातून तेलाचा बारीक शिंतोडा, नेमका टूलच्या टोकावर, तासाला दोन चमचे. ओटमार म्हणाला होता, "एवढ्या तेलात माझं सॅलडसुद्धा होत नाही, आणि तुम्ही पोलाद कापणार?"

पण कापलं की नाही? चिप्स कोरड्या, निळसर, खडखडीत पडायच्या. जमीन घसरडी नाही, कपड्यांना वास नाही. तिसऱ्या आठवड्यात माझी कातडी मिटली. एका रविवारी मी हातमोज्यांशिवाय आईचे केस धुतले. सहा वर्षांनी. ती म्हणाली, "अगं, तुझे हात ऊन आहेत." मी रडले, तिला वाटलं साबण गेला डोळ्यांत.

हे सगळं मी त्या रकान्यात 'नाही' असं लिहून पुसून टाकू?

मग गिऱ्हाइकाकडून पेट्या परत आल्या. तुझ्या शिफ्टच्या चिठ्ठ्यांच्या सगळ्या पेट्या पास, माझ्या सगळ्या नापास. प्रत्येक शाफ्ट मापापेक्षा बारीक. मी तुला दोन वाजता गाठून विचारलं होतं, "गेबहार्ड, तू काही वेगळं करतोस का? खरं सांग, मला शिकायला लाज नाही." तू मायक्रोमीटर पुसत होतास. म्हणालास, "काही वेगळं नाही. चष्म्याचा नंबर बघून घे एकदा."

मी बघून घेतला. नवा चष्मा केला, सोनेरी काड्यांचा. दुकानदार म्हणाला नंबर काही बदललेला नाही, तरी मी हट्टाने करून घेतला.

गिऱ्हाइकाने लिहून कळवलं की यापुढे काम जुन्याच पद्धतीने हवं. टाकी काढली, कूलंट परत आलं, दहा दिवसांत माझे हात फाटले आणि सप्टेंबरात मी काम सोडलं. पुढच्या फास्नेटच्या सणाला मुखवटेवाले खानावळीत टेबलाटेबलावर आपलं पुस्तक घेऊन आले, गावाने वर्षभरात केलेले मूर्खपणे चित्रांसकट वाचून दाखवायला. त्यात मी होते. डोळ्यांवर दोन चष्मे, हातात मापायला ब्रेत्झेल पावाचं वेटोळं. सगळी खानावळ हसली. तूही हसलास, माझ्या समोरच्याच बाकावर. मी तेव्हा तुला माफ केलं, कारण तिथे न हसणारा माणूस आणखी वाईट दिसतो.

म्हणून मला वाटतं नवव्या प्रश्नाला उत्तर असं असावं: पद्धत होती, एका कामगाराच्या चुकीमुळे बंद झाली. ती कामगार मी. खरं ते लिहिते. तुझं त्यात काय बिघडतं?

लिओबा


मेर्सबुर्ग, २७ फेब्रुवारी, फास्नेटचा चरबट गुरुवार

माननीय श्री. राइझर,

आपल्या पत्नीने पाठवलेल्या झेरॉक्स मिळाल्या. आपल्या हातांना पट्ट्या असल्यामुळे त्यांनीच यंत्रापाशी उभं राहून प्रती काढल्या असणार, आणि मी नोंदी मागितल्या म्हणून खणात सापडलं ते सगळं काढलं असणार. शिफ्टच्या वहीची पानं आहेत. त्यांच्या मागे आपल्या खिशातल्या चौकटींच्या डायरीचीही पानं आहेत.

नाही, अहोजाहो जमत नाही. रागाने पेनसुद्धा धड चालत नाही माझं.

२० मे १९९८. तुझं अक्षर, तुझे ते टोकदार सात. '६:४० – कालचा शाफ्ट गार मोजला. १४ मायक्रॉनने बारीक. भरपाई +१४ घातली.' त्याच पानावर खाली: '१३:५० – भरपाई काढली. ०.'

२१ मे. '६:१० – +१४.' '१३:५० – ०.'

मी एकोणीस दिवस मोजले. एकोणीस वेळा सकाळी घातली आणि एकोणीस वेळा मी यायच्या दहा मिनिटं आधी काढून ठेवली.

मी तिकीटघराच्या मागच्या खोलीत बसून हे वाचत होते. बाहेर आजच्या रिवाजाप्रमाणे आमच्या बोटीवरच्या बायका कॅप्टनचा टाय कापायला त्याच्या मागे धावत होत्या, मला हाका मारत होत्या. पाच वर्षं मला जे कळलं नव्हतं ते तुझ्या दोन ओळींत कळलं. कूलंट चालू असायचं तेव्हा शाफ्ट थंडगार बाहेर यायचा, पुसायचा, मोजायचा, झालं. आपल्या सगळ्यांच्या हाताला तीच सवय. कोरड्या पद्धतीत तो ऊन निघतो. ऊन पोलाद फुगलेलं असतं. मी ऊन शाफ्ट मोजत होते, तो बरोबर भरत होता, मी पेटीत ठेवत होते आणि पेटीत तो गार होऊन आखडत होता. चाळीस मिलिमीटरच्या जाडीला चौदा मायक्रॉन. तेवढाच जाड कापायचा हुकूम तू सकाळी यंत्राला द्यायचास, तीच तुझी भरपाई. माझे डोळे बरोबर होते. मी वाचलेला प्रत्येक आकडा बरोबर होता.

ती चूक तूही केलीस, पहिले काही दिवस, गिऱ्हाइकाचं काम सुरू व्हायच्या आधीच्या चाचणीच्या तुकड्यांवर. कुणीही केली असती. पण मग एके दिवशी आदल्या दिवशीचा तुकडा गार असताना मोजावा असं तुझ्या मनात आलं. हुशार आहेसच तू. आणि ओटमार दुपारी एकला घरी जायचा, त्याच्या मापखोलीत फक्त तुझेच शाफ्ट पोचायचे.

मला सांगायला दहा मिनिटं होती रोज. वहीत एक ओळ पुरली असती. 'ऊन मोजू नकोस.' तीन शब्द, गेबहार्ड. केकच्या ओळीपेक्षा कमी.

आणि लिहून ठेवलंस! लबाडी करतानासुद्धा वेळ घातलीस, आकडा घातलास. यंत्राला हात लावला आणि नोंद केली नाही असं तुझ्याकडून होणारच नाही, हे मला माहीत आहे, आपल्याला शिकवलंच तसं. मेला तो शिस्तीचा माणूस, स्वतःचीच चोरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवणारा.

का केलंस ते लिही. दुसरं काही लिहू नकोस.

लि.


मेर्सबुर्ग, ३ मार्च

गेबहार्ड,

पत्र लिहायला सांगितलं तर तू काल स्वतःच बोटीवर आलास. मध्ये मध्ये गाड्या, माणसं, कुत्री. म्हणून कोण काय बोललं ते लिहून ठेवते, नंतर तू म्हणू नयेस की असं नव्हतं.

तू कठड्याशी उभा होतास, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. मी म्हटलं, "तिकीट." तू म्हणालास, "खिशात आहे, मला काढता येत नाही." मी तुझ्या खिशात हात घालून तिकीट काढलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग तू माझ्या हातमोज्यांकडे बघितलंस.

"ठीक आहेत म्हणून लिहिलं होतंस."

"लिहिलं होतं," मी म्हटलं.

मग तू सांगितलंस. दुसऱ्या आठवड्यात थोरल्यांनी तुला बोलावलं. कोरडी पद्धत जमली तर सात नंबर एकाच शिफ्टमध्ये चालेल, दिवसपाळीत. माणूस एकच लागेल. "लिओबाला ठेवतो," ते म्हणाले, "तिचे हात बघ. तू धडधाकट आहेस, तुला करवतीवर देतो."

"करवतीवर!" तू म्हणालास. "सतरा वर्षांनी. दिवसभर सळ्या कापायच्या आणि बाजूला लावायच्या. तिथे शिकाऊ पोरं टाकतात, लिओबा."

"आणि माझे हात?"

"मला वाटलं तुला दुसरं काहीतरी मिळेल. तू बाई आहेस, एकटी आहेस, ऑफिसात वगैरे..."

त्या वेळी कुत्रेवाली बाई विचारायला आली की कुत्र्याचं तिकीट लागतं का. मी तिला म्हटलं, "चावत असेल तर लागतं." ती हसली नाही. मीही नाही.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस? थोरल्यांनी असं म्हटलंय, एवढंच?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"केबिनमध्ये गेले असते. म्हटलं असतं, एक आठवडा तो, एक आठवडा मी."

"थोरले ऐकणारे होते का?"

"ते त्यांनी मला सांगितलं असतं. तू कोण त्यांच्या वतीने नाही म्हणणारा?"

बोट मेर्सबुर्गला लागली, तू उतरला नाहीस, त्याच बोटीने परत कॉन्स्टान्सला निघालास. मधे कुठेतरी म्हणालास, "नवव्या प्रश्नाला नाही लिही. तुझी चूक असंही लिहू नकोस, काहीच लिहू नकोस, त्यावरून पुन्हा चौकशी निघते. त्या झेरॉक्स फाडून टाक. हिल्डेला माहीत नाही. फास्नेट चालू आहे, कुणाच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी मला त्या पुस्तकात काढतील. गावात तोंड दाखवता येणार नाही मला."

"मी होते त्या पुस्तकात," मी म्हटलं.

तू म्हणालास, "हो, पण तू गाव सोडून गेलीस."

गेबहार्ड, मी गाव सोडून गेले नाही. मला तिथे राहता आलं नाही. आई गेली तेव्हा तिचं घर विकायला मी आले होते आणि बेकरीतल्या पोरीने मला ब्रेत्झेल देताना ओठ चावून हसू दाबलं. तुला हे माहीत नाही कारण तू अंत्ययात्रेला आला नाहीस. तेव्हा वाटलं होतं, शिफ्ट असेल.

मला राग तुझ्या भीतीचा नाही. करवतीवर जायची भीती मलाही वाटली असती. मला राग त्या चष्म्याचा आहे. मी तुला शिकव म्हणत होते आणि तू मला माझ्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावलंस. अजूनही मी तिकिटावरची तारीख दोनदा वाचते.

लि.


मेर्सबुर्ग, ६ मार्च

गेबहार्ड,

काल राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली आणि मग विमा मंडळाला फोन केला. तुझं नाव न घेता विचारलं की नवव्या प्रश्नाला एवढं महत्त्व का. फोनवरच्या बाई शांत होत्या, दोनदा समजावून सांगितलं त्यांनी.

उत्तर 'नाही' असेल तर प्रकरण सरळ आहे. हातांना काम सोसत नाही, दुसरा उपाय नाही, माणूस काम सोडतो, मंडळ त्याला दुसरं काही शिकवतं. तू कुठेतरी तिकिटं तपासशील. गावात तुझं नाव स्वच्छ राहील.

उत्तर 'होय, होती, आणि चालत होती' असं असेल, तर काम सोडवण्याआधी मंडळाला ती पद्धत पुन्हा बसवून बघावी लागते. मालकाशी बोलणं, खर्चाला हातभार, सगळं मंडळ करतं. माणूस आपल्या यंत्रावर राहतो. मात्र आधी ती का बंद झाली याची मालकाकडे, मापखोलीत, सगळीकडे चौकशी होते, कागद फिरतात. "चालत होती हे तुम्ही सिद्ध करू शकता का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकोणीस दिवसांच्या नोंदी आहेत. फार नीटनेटक्या आहेत."

फोन ठेवला आणि हिशेब मांडला. म्हणजे मी खोटं लिहिलं तर तुझी अब्रू राहते आणि यंत्र जातं. खरं लिहिलं तर यंत्र राहतं, आणि जे मला हवं होतं ते सगळं तुला मिळतं, तासाला दोन चमचे तेलासकट. पाच वर्षांत कुणी मला विचारलं असतं की गेबहार्डला शिक्षा काय द्यावी, तर यातलं एकही मला सुचलं नसतं. कारण शिक्षा द्यावी असं तू काही केलंयस, हेच मला माहीत नव्हतं.

माया म्हणून मी हे करत नाही, तसं समजू नकोस. हिल्डेने डब्यात जी बिस्किटं पाठवली ती मी कामावर वाटून टाकली, एकही खाल्लं नाही. पण ती पद्धत बरोबर होती आणि मी केलेलं मोजमापही बरोबर होतं. तुला वाचवायचं किंवा बुडवायचं म्हणून ते मी दुसऱ्यांदा चूक ठरवणार नाही.

नवव्या प्रश्नाला लिहिलं ते असं:

'होय. मे-जून १९९८, सात नंबरचं लेथ, पाच आठवडे. पद्धत उत्तम चालत होती. शाफ्ट गार झाल्यावर मोजावा किंवा १४ मायक्रॉनची भरपाई घालावी, एवढंच लागत होतं. हे सकाळच्या शिफ्टचे गेबहार्ड राइझर यांना २० मेपासून माहीत होतं. दुपारच्या शिफ्टला, म्हणजे मला, ते सांगितलं गेलं नाही. पुरावा सोबत, एकोणीस पानं. श्री. राइझर यांनी बावीस वर्षं कूलंटमध्ये काम केलं, त्यांचे हात त्यामुळेच गेले, हेही तितकंच खरं आहे. त्यांना त्या यंत्रावर ठेवावं. ते उत्तम टर्नर आहेत.'

शेवटचं वाक्य लिहून खोडलं होतं. मग पुन्हा लिहिलं, कारण तेही खरं आहे.

आज सकाळी पाकीट मी स्वतः मंडळाच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं, तुझ्याकडे पाठवलं नाही. तुझ्या हाती दिलं असतं तर तू काहीतरी काढून ठेवलं असतंस.

ती टाकी बसेल. दोन-तीन आठवड्यांत तुझी कातडी मिटेल. मग एका रविवारी हातमोज्यांशिवाय कुणाला तरी हात लावशील आणि तो हात ऊन असेल. त्या दिवशी तुला समजेल तू माझ्याकडून काय घेतलं होतंस.

लिओबा मात्तेस